अमिबाची चूल आणि जुलाबाची गोळी

घरात कोणाला जुलाब लागले की वस्तीत एकच सल्ला मिळतो, ‘मेडिकलमधून मेट्रोच्या दोन गोळ्या आण.’ मेट्रो म्हणजे मेट्रोनिडाझोल. दोन गोळ्या घेऊन बरे वाटले की उरलेली पट्टी डब्यात जाते. पुढच्या वेळी तीच शेजारच्या लेकराला दिली जाते. गोळी चांगली आहे आणि स्वस्तही आहे. पण ती कोणत्या जंतूला मारते आणि कोणाला मारत नाही, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आज आपण तेच समजून घेऊ.

आपल्या पेशीतली चूल

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींमध्ये तंतुकणिका नावाचे बारीक भाग असतात. शाळेच्या विज्ञानात मुलांनी त्यांना ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ म्हणून वाचले असेल. भाकरीतली साखर आधी पेशीत अर्धवट तुटते. मग तिचे तुकडे तंतुकणिकेत जातात आणि श्वासातून आलेल्या ऑक्सिजनच्या मदतीने पुरते जळतात. त्यातून एटीपी नावाचे ऊर्जेचे कण तयार होतात. साखरेच्या एका रेणूपासून असे सुमारे 30 कण मिळतात. ऑक्सिजन नसेल तर फक्त 2 मिळतात. म्हणूनच श्वास थांबला की काही मिनिटांत माणूस संपतो.

आतड्यातला अमिबा काय करतो?

आव पाडणारा एंटअमिबा आणि पोट बिघडवणारा जिआर्डिया हे दोघेही एकाच पेशीचे जीव आहेत. ते आपल्या आतड्यात राहतात आणि तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. त्यामुळे त्यांची चूल वेगळी आहे. ते साखर अर्धवटच तोडतात. उरलेल्या भागाचे अल्कोहोल आणि व्हिनेगरमधले आम्ल बनवून बाहेर टाकतात. ऊर्जा थोडी मिळते, पण आतड्यात आयते अन्न मिळत असल्याने त्यांचे भागते.

या जीवांमध्ये तंतुकणिका कधीच नव्हत्या, असे शास्त्रज्ञांना बरीच वर्षे वाटत होते. 1999 मध्ये एंटअमिबात आणि 2003 मध्ये जिआर्डियात तंतुकणिकेचे अगदी लहान झालेले अवशेष सापडले. म्हणजे त्यांच्या पूर्वजांकडे ही चूल होती. गरज उरली नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती विझत गेली. हे अवशेष आज एटीपी बनवत नाहीत, पेशीची दुसरी छोटी कामे करतात.

गोळी नेमके काय करते?

साखर अर्धवट तोडताना या जंतूंना इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी लोह असलेली खास प्रथिने लागतात. आपल्या पेशी हे काम दुसऱ्या पद्धतीने करतात. मेट्रोनिडाझोल पोटात जाते तेव्हा ते झोपलेले औषध असते. अमिबाच्या पेशीत शिरल्यावर ते त्या प्रथिनांकडून इलेक्ट्रॉन घेते, जागे होते आणि विषारी बनते. मग ते जंतूचा डीएनए तोडते. आपल्या पेशींत भरपूर ऑक्सिजन असल्याने तिथे ते तसे जागे होत नाही. जंतूच्या चुलीतला फरकच आपल्याला वाचवतो.

स्त्रियांना होणाऱ्या ट्रायकोमोनास या जंतूचीही गोष्ट अशीच आहे. अंगावरून पिवळसर-हिरवट, वास येणारे पाणी जाते, खाज सुटते. त्यावरही हेच औषध चालते. मात्र नवऱ्यालाही त्याच वेळी उपचार घ्यावा लागतो, नाहीतर आजार परत येतो. यात लाजण्यासारखे काही नाही. आरोग्य केंद्रात मोकळेपणाने सांगावे.

मग प्रत्येक जुलाबाला ती का नको?

लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात. विषाणूला पेशीही नसते आणि चूलही नसते. तिथे ही गोळी जागीच होत नाही. शौचातून रक्त पडत असेल तर अनेकदा शिगेला नावाचे जिवाणू कारण असतात. त्यांच्यावरही ही गोळी चालत नाही. अशा वेळी गोळीच्या भरवशावर राहून दोन दिवस वाया गेले, तर लेकराच्या अंगातले पाणी संपते. जीव जातो तो पाणी संपल्याने.

खरोखर अमिबाच असेल, तरी दोन गोळ्या पुरत नाहीत. थोडे जंतू मरतात आणि बाकीचे पुन्हा वाढतात. शिवाय अमिबा कवच घालून कोषाच्या रूपात आतड्यात राहतो. त्या कोषांसाठी डॉक्टर नंतर दुसरे औषध देतात. ते टाळू नका, कारण हेच कोष शौचावाटे बाहेर पडून घरातल्या इतरांच्या पोटात जातात.

घरी काय करावे?

• जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा, 24 तासांत संपवा. आशाताईंकडे पाकिटे मिळतात. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका.
• मुलांना झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्या. जुलाब थांबले तरी मध्ये सोडू नका.
• शौचातून रक्त, ताप, डोळे खोल जाणे, लघवी न होणे, सुस्ती यांपैकी काही दिसले तर लगेच दवाखाना गाठा.
• उजव्या बरगडीखाली दुखून ताप येत असेल तर अमिबा यकृतात गेलेला असू शकतो. थांबू नका.
• मेट्रोनिडाझोल डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या. त्या काळात दारू अजिबात नको. तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होते. त्याला घाबरू नका. गरोदर असाल तर आधी सांगा.
• पाणी खळखळ उकळून घ्या. नळाच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनने अमिबाचे कोष मरत नाहीत, उकळल्याने मरतात.
• संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. नखे कापा.

नळाची पाइप गटारातून जात असेल, तर एकट्या घराने पाणी उकळून सगळ्या गल्लीचा प्रश्न सुटत नाही. गल्लीतल्या सर्वांनी सह्या करून पाणी खात्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. स्वच्छ पाणी मागणे हा आपला हक्क आहे.

आणि डब्यातली ती उरलेली पट्टी आजच बाहेर काढा. पुढच्या वेळी शेजारचे लेकरू आजारी पडले, तर तिथून ओआरएसचे पाकीट निघाले पाहिजे.