संगीताचे हस्तलिखित

संगीत ही कानांनी ऐकावयाची कला आणि मासिक ही डोळ्यांनी वाचावयाची वस्तू. मग संगीताचे मासिक काढावयाचे म्हणजे काय करावयाचे? जो सूर उमटताक्षणीच हवेत विरून जातो, त्याला कागदावर बसवावयाचे तरी कसे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या महाराष्ट्रातील काही थोर पुरुषांनी तो सोडविण्यासाठी आपले आयुष्य वेचले आहे. शाळेतील मुलांनाही तो आपापल्या शक्तीप्रमाणे सोडविता येण्यासारखा आहे.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली व दृष्टी अधू झाली. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ राहून त्यांनी गायनविद्या संपादन केली. त्या काळी गाणे गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी पडे; ते लिहून ठेवण्याची सोय फारशी नव्हती. गुरू गेला की त्याच्याबरोबर कित्येक चिजाही जात. हे नुकसान विष्णु दिगंबरांना सलत होते. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली, स्वर लिहिण्याची स्वतंत्र पद्धती बसविली, छापखाना उभारला आणि ‘संगीतामृतप्रवाह’ नावाचे मासिकही चालविले. ज्यांना स्वतःला वाचणे कष्टाचे होते, त्यांनी इतरांसाठी संगीत वाचनीय केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच सुमारास मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही त्याच ध्येयाने झटत होते. ते व्यवसायाने वकील. देशभर हिंडून त्यांनी जुन्या गायकांकडील चिजा मिळविल्या आणि त्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. त्यांनीही स्वरलेखनाची एक पद्धती तयार केली. मात्र या दोन पद्धतींच्या खुणा सारख्या नाहीत. भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले, तर तो स्वर तार सप्तकातला, म्हणजे उंच समजावयाचा. पलुसकरांच्या पद्धतीत डोक्यावर टिंब दिलेला स्वर मंद्र सप्तकातला, म्हणजे खालचा होतो! टिंब तेच, जागाही तीच; परंतु अर्थ अगदी उलट. म्हणून संगीताच्या मासिकात कोणती पद्धती वापरली आहे, हे आरंभीच स्पष्ट सांगावे लागते. लेखात एखादी वेलांटी चुकली, तर वाचक ती मनातल्या मनात सुधारून घेतो. स्वरलिपीत एक टिंब चुकले, तर सारी चालच बिघडते. संपादकाला डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते ते यासाठीच.

विष्णु दिगंबरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी 1947 मध्ये ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे संपादन हाती घेतले. थोर गायक-वादकांच्या सहवासात राहून, त्यांना प्रश्न विचारून, त्यांनी त्यांची चरित्रे लिहिली. हे लेख पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आले. गाणे जपावयाचे, तर गाणाऱ्या माणसाचीही आठवण जपली पाहिजे, हा धडा त्यांच्या कार्यापासून घ्यावा.

आता समजा, इंदापूरच्या एखाद्या शाळेतील सातवीच्या वर्गाने संगीतावर हस्तलिखित काढावयाचे ठरविले. त्यात कोणता मजकूर घ्यावा? पहिला विचार असा येईल, की मोठमोठ्या गायकांची माहिती पुस्तकांतून उतरून काढावी. तशी थोडी माहिती अवश्य असावी. पण आपल्या वेशीच्या आत जे संगीत आहे, त्याची नोंद आपण घेतली नाही, तर दुसरे कोण घेणार?

दर वर्षी आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना बारामतीवरून इंदापुरास येते. वाटेत काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते. टाळ, मृदंग आणि वीणा एवढ्याच साहित्यावर शेकडो माणसे एका ठेक्यात चालतात आणि एका सुरात गातात. विणेकरी कोणते काम करतो? पखवाजाला कणीक का लावतात? एवढ्या टाळकऱ्यांचे टाळ एकाच वेळी कसे वाजतात? हे प्रश्न दिंडीतील माणसांनाच विचारावे आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावी. गोंधळ्यांचे संबळ, धनगरांचे ढोल, लग्नातील सनई-चौघडा यांनाही या हस्तलिखितात मानाचे पान आहे.

याहून निकडीचे काम जात्यावरील ओव्यांचे आहे. पूर्वी बाया पहाटे उठून दळण दळीत आणि दळता दळता ओव्या गात. पिठाची गिरणी आली. बायांचे कष्ट वाचले ही आनंदाचीच गोष्ट झाली. पण जात्याची घरघर थांबली, तशी ओवीही थांबली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या कामाची मोठी थोरवी अशी, की ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गावही त्यांनी नोंदविले. ज्या बायांचे नाव कोणत्याही पुस्तकात आले नसते, त्या अशा रीतीने कवयित्री म्हणून ओळखल्या गेल्या.

आपल्या हस्तलिखितासाठी ओवी टिपून घेताना हेच नियम पाळावे. प्रथम परवानगी मागावी. सांगणारीचे नाव व गाव लिहावे. तिची बोली ‘शुद्ध’ करण्याच्या नादी लागू नये. ती जसे म्हणाली तसेच लिहावे. तीच ओवी दुसऱ्या आजीने निराळ्या शब्दांत सांगितली, तर एक खरी व दुसरी खोटी असे ठरवू नये. दोन्ही शेजारी शेजारी द्याव्या. अमुक गाणे शंभर वर्षांचे आहे असे कोणी सांगितले आणि त्याचा पुरावा मिळाला नाही, तर ‘असे सांगतात’ एवढेच लिहावे. सुंदर अक्षरात लिहिलेली चूक ही चूकच असते. उलट तिच्यावर लोकांचा विश्वास लवकर बसतो.

मजकूर जमला की पानांची मांडणी आली. येथे थोडे गणित लागते. मोठा कागद मध्ये दुमडला की त्याची चार पृष्ठे होतात. चार कागद एकात एक घातले की सोळा पृष्ठांचा अंक तयार होतो. आता गंमत पाहा. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूस पृष्ठ 16 व 1 शेजारी येतात, तर दुसऱ्या बाजूस 2 व 15 येतात. प्रत्येक जोडीची बेरीज 17! म्हणून आधी कोऱ्या कागदांची लहानशी वही करून तिच्यावर पृष्ठांक घालावे व कोणता लेख कोठे जाईल ते ठरवावे. शिवणीच्या बाजूस समास अधिक सोडावा, नाहीतर अक्षरे शिवणीत जातात. पृष्ठे सोळाच आणि लेख वीस जमले, तर काही वगळावे लागतात. मित्राचा लेख आहे म्हणून घेणे आणि अबोल मुलाचा आहे म्हणून टाळणे, हा अन्याय होय. लेख का वगळला हे संपादकाला त्या मुलाच्या तोंडावर, समजावून सांगता आले पाहिजे.

स्वरलिपीचे पान आखताना विशेष काळजी घ्यावी. त्रितालाच्या सोळा मात्रा असतात व त्यांचे चार-चारांचे चार विभाग पडतात. तेव्हा सोळा सारख्या चौकटी आखाव्या आणि प्रत्येक ओळीतील पहिली मात्रा पहिल्या मात्रेखालीच येईल असे पाहावे. चौकटी वेड्यावाकड्या झाल्या, तर वाचणाऱ्याची सम चुकते. पानाची मांडणी ही नुसती शोभा नव्हे. तीही अर्थ सांगते.

पान बिनचूक झाले की नाही, हे पाहण्याची एक कसोटी आहे. ते गाणे ज्याने कधी ऐकले नाही, परंतु ज्याला स्वर वाचता येतात, अशा विद्यार्थ्यापुढे ते पान ठेवावे. त्याने योग्य चालीत गाऊन दाखविले, तर लिहिणाऱ्याचे श्रम सार्थकी लागले. तो अडखळला, तर त्याला नावे न ठेवता आपले पान पुन्हा तपासावे. आज संगणकावर अक्षरे सुबक जुळविता येतात आणि आवाजही साठविता येतो. ही साधने जरूर वापरावी. पण काय जपावे, कोणाचे नाव लिहावे आणि खरे काय, हे यंत्र ठरवीत नाही. ते आपणच ठरवावे लागते.

असे एक हस्तलिखित पुरे करताना विद्यार्थी पुष्कळ शिकतो. तो लक्ष देऊन ऐकावयास शिकतो, थोडक्यात लिहावयास शिकतो, दहा जणांबरोबर काम करावयास शिकतो आणि दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला द्यावयास शिकतो. अंक बांधून झाला की तो प्रथम ज्यांनी गाणी सांगितली त्यांच्याकडे न्यावा. एखाद्या आजीला वाचता येत नसेल, तर तिची ओवी तिला वाचून दाखवावी आणि खाली लिहिलेले तिचे नावही वाचावे. शब्द बरोबर उतरले की नाहीत, याचा निवाडा तिच्याइतका अचूक दुसरे कोणीही करू शकणार नाही.

शब्दार्थ

चीज – रागात बांधलेले गीत. सप्तक – सात स्वरांचा समूह. समास – पानाच्या कडेस सोडलेली कोरी जागा. सम – तालाची पहिली मात्रा. निवाडा – निर्णय.

स्वाध्याय

1. विष्णु दिगंबरांना कोणते नुकसान सलत होते? ते टाळण्यासाठी त्यांनी काय काय केले?
2. ‘टिंब तेच, जागाही तीच, परंतु अर्थ अगदी उलट.’ हे विधान स्पष्ट करा.
3. ओवी टिपून घेताना कोणते नियम पाळावे? त्यांपैकी तुम्हांस सर्वांत महत्त्वाचा कोणता वाटतो व का?
4. बारा पृष्ठांच्या अंकात पृष्ठ 4 च्या जोडीला त्याच कागदावर कोणते पृष्ठ येईल?
5. वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांत तेल घालणे, नादी लागणे, सार्थकी लागणे, नावे ठेवणे.
6. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एक ओवी किंवा गाणे ऐकून, सांगणाऱ्याच्या नावागावासह वहीत लिहा.