मुखी समता, घरी काय?

राज्यकारभाराविषयी मनुष्य सभेत जी तत्त्वे बोलून दाखवितो, ती त्याच्या घरात पाळली जातात की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. ही परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती पाणवठा, पंगत आणि सोयरीक या तीन ठिकाणी होते. आपल्या वऱ्हाडातील दोन पुरुषांच्या उदाहरणांवरून याचा विचार करू.

पहिले डॉ. पंजाबराव देशमुख. यांचा जन्म १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी झाला. १९२७ साली अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य गणलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून चळवळ चालू होती. तिचे ते एक पुढारी होते. त्याच साली त्यांनी स्वतःचा विवाह जातीबाहेर, सोनार समाजातील विमलाबाई वैद्य यांच्याशी केला. समतेच्या भाषणास टाळ्या मिळतात. अशा विवाहाने मात्र आप्तांचा रोष ओढवतो. म्हणून त्याचे मोल अधिक.

दुसरे शेंडगावचे गाडगे महाराज (१८७६–१९५६). ते गावात येताच हाती खराटा घेऊन वाटा झाडीत, आणि मग रात्री कीर्तनात स्वच्छतेचा उपदेश करीत. यात्रेकरूंसाठी त्यांनी पंढरपूर, नाशिक आदी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. स्वतःच्या अंगावर मात्र चिंध्या आणि हाती मडके, एवढेच.

तथापि बाह्य खुणेवर भिस्त ठेवू नये. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेसने सभासदत्वास हातसुताची अट घातली. पुढच्याच वर्षी ती शिथिल करावी लागली. नियमाने अंगावरचे वस्त्र बदलेल, मन बदलेलच असे नाही.

येथे एक शंका निघते: बोलणाऱ्याचे वर्तन उणे असेल तर त्याचे तत्त्वही खोटे मानावे काय? नाही. तोळणारा लबाड निघाला म्हणून शेर खोटा ठरत नाही. परंतु जो तत्त्व सांगून ते पाळीत नाही, तो त्याची किंमत दुसऱ्याने भरावी अशी इच्छा करतो. हाच त्याचा दोष.

विचारार्थ प्रश्न:

१. मुलामुलीचे स्थळ पाहताना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो?

२. आपल्या पंगतीस कोणास बोलावणे जात नाही?

३. शेतात सारख्याच कामाबद्दल स्त्री व पुरुष यांस आपण सारखी मजुरी देतो काय?

यांची उत्तरे प्रत्येकाने आधी आपल्या घरच्या माणसांसमोर द्यावी; सभेत मागाहून.