कोळसा एकाचा, वायू कोणाचा?

बाजारातून नारळ विकत आणला, तर त्यातले पाणी कोणाचे? घेणाऱ्याचेच! मग जमिनीखालचा कोळसा ज्याचा, त्या कोळशातला वायूही त्याचाच असणार, असे तुम्ही म्हणाल. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो समजण्यासाठी हा वायू कोळशात कसा राहतो, ते आधी पाहू.

लक्षावधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा उष्णता व दाब यांमुळे कोळसा बनला. त्याच वेळी मिथेन वायूही तयार झाला. फुग्यात हवा भरलेली असते, तसा हा वायू कोळशात भरलेला नसतो. कोळशातील अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना त्याचे रेणू चिकटून बसतात. या क्रियेला 'अधिशोषण' म्हणतात. एक ग्रॅम कोळशातील या भिंतींचे क्षेत्रफळ शंभर चौरस मीटरहून अधिक, म्हणजे दोन-तीन वर्गखोल्यांच्या फरशीएवढे भरू शकते!

रेणूंना तेथे धरून ठेवतो तो दाब. कोळशाच्या भेगांत पाणी असते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे ५०० मीटर खोलीवर तो सुमारे ५० वातावरणे होतो. हे पाणी पंपाने उपसले की दाब घटतो, रेणू सुटे होतात आणि वायू विहिरीतून वर येतो. म्हणून अशा विहिरीतून आधी बहुतेक पाणीच निघते, वायूचे प्रमाण मागाहून वाढते. या पाण्यात क्षार अधिक असतील तर ते सोडायचे कोठे, हाही प्रश्नच असतो.

पण थरात वायू किती आहे, हे आधी कसे कळणार? त्यासाठी भोक पाडून कोळशाचा दंडगोलाकार नमुना वर काढतात आणि तो तत्काळ हवाबंद डब्यात ठेवतात. सुटणारा वायू मोजनळीत पाण्यावर गोळा करून मोजता येतो. प्रयोगशाळेत तुम्ही ऑक्सिजन गोळा करता, तसाच. नमुना वर येताना थोडा वायू निसटतो. सुरुवातीच्या काळात सुटलेला वायू हा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. तेव्हा तसा आलेख काढून ती सरळ रेषा मागे वाढवली, की निसटलेल्या वायूचाही अंदाज येतो.

आता कोलोरॅडोकडे वळू. १९०९ व १९१० च्या कायद्यांनुसार अमेरिकन सरकारने लोकांना जमिनी दिल्या, पण खालचा कोळसा स्वतःकडे राखला. १९३८ साली यांपैकी काही जमिनींखालचा कोळसा सदर्न यूट या आदिवासी जमातीला परत मिळाला. पुढे वायू कंपन्यांनी जमीनमालकांशी भाडेपट्टे करून मिथेन काढायला सुरुवात केली. जमातीचे म्हणणे असे, की वायू कोळशालाच चिकटलेला आहे, तेव्हा तो आमचा.

७ जून १९९९ रोजी निकाल जमातीच्या विरुद्ध गेला. न्यायालय म्हणाले, कायदे झाले तेव्हा 'कोळसा' म्हणजे घन इंधन असेच लोक समजत. वायू ही त्यांच्या दृष्टीने खाणीतली धोकादायक पीडा होती. ही समजूत खोटी नव्हती. हवेत मिथेन सुमारे ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून तर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली सुरक्षा दिवा बनवला. एका न्यायमूर्तींचे मत मात्र निकालाच्या विरुद्ध होते.

भारतात या वायूसाठी १९९७ साली स्वतंत्र धोरण आखले गेले आणि २००७ साली पश्चिम बंगालमधील राणीगंज येथे व्यापारी उत्पादन सुरू झाले. २०१५ साली केंद्र सरकारने कोल इंडिया या सरकारी कंपनीला तिच्या कोळशाच्या पट्ट्यांतील मिथेन शोधून काढण्याचाही अधिकार दिला. म्हणजे कोळशाचा पट्टा हाती असला, तरी वायूचा हक्क वेगळा द्यावा लागला.

रेणू कोठे चिकटला आहे, हे पदार्थविज्ञान सांगते. तो कोणाचा, हे कायद्यातल्या शब्दांवर ठरते. म्हणून शब्द नेमके हवेत.

विचार करा : (१) ३०० मीटर खोलीवरील थरात पाण्याचा दाब सुमारे किती वातावरणे असेल? (२) शेजारच्या गावातील विहिरींवर या उपशाचा परिणाम केव्हा होईल आणि केव्हा होणार नाही? (३) तुम्ही न्यायाधीश असता तर काय निकाल दिला असता? वर्गात चर्चा करा.