देवराष्ट्रे गावची गाडी

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुका आहे. या तालुक्यात देवराष्ट्रे हे गाव आहे. यशवंतराव चव्हाण १९१३ साली याच गावी जन्मले. २०२१ साली गावाचे नाव पुन्हा देशभर झाले. या वेळी कारण होते एक गाडी!

दत्तात्रय लोहार हे इथले कारागीर. लोखंडकाम हा त्यांचा धंदा. मुलाला चारचाकी हवी होती. पण नव्या गाडीला लाखो रुपये पडतात. एवढा पैसा आणायचा कुठून? लोहारांनी मोडीतले भाग गोळा केले. ते कापले, जोडले आणि जीपसारखी लहान गाडी उभी केली. खर्च आला सुमारे ६०,००० रुपये.

ही गाडी मोटारसायकलीसारखी किक मारून चालू होते. किक मारली की इंजिन फिरते. पेट्रोल आणि हवा आत येते. ठिणगी पडते, पेट्रोल पेटते आणि दट्ट्या जोराने ढकलला जातो. मग इंजिन आपले आपण फिरत राहते.

गाडीची चित्रफीत आनंद महिंद्रा यांनी पाहिली. ते मोठे मोटार कारखानदार. कमी साधनांत केलेल्या या कामाचे त्यांनी कौतुक केले. पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. गाडी नियमात बसत नाही. आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. म्हणून या गाडीच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली.

आता आपला विचार करू. समजा, तुम्हाला लोखंडकाम येते. तुमचा मित्र म्हणतो, "दादा, सुगीच्या आत मला रानात फिरायला अशीच गाडी करून दे. पैसा थोडाच आहे बघ." तर काय कराल?

घाई असली तरी तीन गोष्टी सोडू नका.

१. ब्रेक. दुचाकीचा ब्रेक दुचाकीपुरता असतो. चार माणसांचे ओझे त्याला आवरत नाही. आधी मोकळ्या रानात, हळू चालवून, ओझे भरून ब्रेक पाहा.

२. स्टेअरिंग. ते ढिले नको, अडकायलाही नको.

३. जोड. खडबडीत वाटेने प्रत्येक जोडाला हिसके बसतात. तडा दिसला तर गाडी थांबवा.

दिवस कमी असतील तर रंग राहू द्या, छत राहू द्या. पण ब्रेक नंतर बघू, असे म्हणू नका.

आणि सडकेवर? मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. नोंदणी आणि विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नोंदणीआधी गाडीचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यात अशी संस्था आहे. घरच्या गाडीला हे सारे फार अवघड जाते. विमा नसताना अपघात झाला, तर भरपाई मालकाच्या गळ्यात पडते. मग साठ हजारांची गाडी शेत विकायला लावते.

म्हणून मित्राला आधीच सांगा, "बाबा, ही गाडी रानातली. सडकेवर आणू नको." हात कुशल असावा, तशी जीभही खरी असावी.

प्रश्न
१. लोहारांच्या गाडीला किती खर्च आला?
२. घाईतही कोणत्या तीन गोष्टी तपासाव्यात?
३. विमा नसेल तर भरपाई कोणाला द्यावी लागते?