गडगा आणि सातबारा

रत्नागिरी जिल्ह्यात एका सातबाऱ्यावर आजोबापणजोबांपासूनची नावं सामाईक चालत येतात. कुठल्या भावाची कलमं कुठवर, हे मात्र गडग्यावरून, म्हणजे दगडी बांधावरून ठरलेलं असतं. घरात सगळे ते मानतात, म्हणून वाटणी पक्की झाली असं आपण समजतो. ती किती कच्ची आहे, हे जमिनीला पैसा आला की दिसतं. मुंबई-गोवा महामार्गासारख्या भूसंपादनात मोबदला ठरताना आधी सातबारा पाहिला जातो. हिश्शावरून हरकत आली, तर राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 नुसार तो वाद दिवाणी न्यायालयाकडे जातो.

गावी राहिलेला भाऊ म्हणतो, तीस वर्षं बाग मी राखली, फवारणी आणि राखण माझ्या खर्चाने झाली. त्याचे कष्ट खरे आहेत, पण सहहिस्सेदाराचा ताबा कायद्याने सर्वांच्या वतीने धरला जातो. इतरांचा हक्क उघडपणे, त्यांना कळेल असा नाकारल्यापासूनच प्रतिकूल ताब्याची बारा वर्षांची मुदत मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. मुंबईचा चुलता सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचं नाव दाखवतो. तेही पुरेसं नाही. ते नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून, म्हणजे सगळ्या घराच्या वतीने लागलेलं असू शकतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी जन्माला येत नाही.

तोंडी वाटणी कायद्याला मान्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1976 च्या काले खटल्यात तोंडी कौटुंबिक व्यवस्था ग्राह्य धरली गेली. पण त्याच न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर मुलींच्या हक्काआड येणारी तोंडी वाटणी सार्वजनिक कागदपत्रांच्या भक्कम आधाराशिवाय टिकणं फार कठीण आहे. त्यामुळे ‘बहिणींना काही नको आहे’ हे वाक्य माझ्या मते सर्वांत धोक्याचं. त्यांना खरंच नको असेल, तर त्यांनी समजून-उमजून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. हवं असेल, तर वाटपात त्यांचं नाव आलंच पाहिजे. कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं वडीलधाऱ्यांना वाटतं. पण तो कागद भावांसाठी नसतोच, वाटणीच्या वेळी जी जन्मलेलीही नव्हती, त्या मुलांसाठी असतो.

गणपतीला सगळे हिस्सेदार गावी येतात, गडगा कुणी कधी घातला हे सांगणारी म्हातारी माणसंही अजून आहेत. त्याच दिवसांत सर्वांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खालचा वाटपाचा अर्ज लिहा आणि तहसीलदारांकडे द्या.