तिखट कुप्याची कैफियत

सिंगापुरास मुलाकडे मुक्काम असताना मिरची घातलेल्या कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, डब्यांची मला चटक लागली. कडे ओढून झाकण काढावे तो तांबूस तेलात निथळणारे तुकडे समोर. ना मासे साफ करण्याची यातायात, ना चुलीची. आणि साध्या कुप्याच्या निथळलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, मसालेदारात तेल-मसाल्यामुळे काहीशी कमी, तरी मधल्या वेळच्या खाण्यास ती पुष्कळच.

परंतु एका उपाहारगृहात हाच तिखट कुपा भरलेला पाव खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत माझी कानशिले तापली, मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले आणि छातीत धडधड सुरू झाली. डबा सकाळीच फोडून उघड्यावर ठेवलेला होता, हे चौकशीअंती कळले. डॉक्टरीणबाईंनी हे माशाचे वावडे नसून हिस्टामाइनची बाधा असल्याचे निदान केले. कुपा, बांगडा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन विपुल असते. मासा उबेत राहिला की जंतू त्याचे हिस्टामाइन करतात, आणि एकदा झालेले हिस्टामाइन उकळून, तळून, किंबहुना कारखान्यातल्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. वास बहुधा बिघडत नाही. जिभेला मिऱ्यासारखी चुणचुण लागते, एवढीच काय ती वर्दी, आणि ती मिरचीच्या तिखटात बेमालूम दडपली जाते! साध्या कुप्याहून तिखटाच्या बाबतीत अधिक सावध राहावे, असे माझे मत झाले ते यामुळे.

तेव्हा डबा फोडला की खाऊन संपवावा. उरलेच तर झाकणाच्या काचेच्या भांड्यात काढून तत्काळ शीतकपाटात ठेवावे. बाहेर दोन तासांची मुदत, हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. त्यापुढे गरम करून खाण्याची तजवीज व्यर्थ. कचेरीत न्यायचा तो बंद डबाच न्यावा. फुगलेला डबा दुकानातच सोडावा. मिठाचा आकडा वेष्टनावर वाचावा, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. गर्भवतींनी आल्बाकोरपेक्षा कमी पारा असलेली स्किपजॅक जात पाहून घ्यावी.

इतके करूनही चेहरा लाल झाला तर डॉक्टरांना कोणता मासा, किती वेळापूर्वी खाल्ला, हे सांगावे आणि उरलेला अंश जपून ठेवावा. श्वास कोंडल्यास मात्र चौकशीत वेळ न दवडता इस्पितळ गाठावे. मासे जन्माचे वर्ज्य करण्याचा हुकूम स्वतःवर काढण्यापूर्वी वावड्याची तपासणी अवश्य करून घ्यावी. माझ्या ताटात बांगडा अद्याप येतो.