गृहनिर्माण संस्था आणि पाळीव प्राणी

वाड्यात वाढलेल्या मराठी माणसाला कुत्रा नवा नाही. अंगणात वा ओटीखाली त्याची जागा ठरलेली असे. त्यासाठी कोणाला ठराव करावा लागत नसे. बहुमजली इमारतीत मात्र एकच जिना, एकच लिफ्ट आणि हातभर आवार चाळीस-पन्नास बिऱ्हाडांना मिळून वापरावे लागते. साहजिकच सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांत पाणी व वाहनांच्या जागेच्या तंट्यांबरोबर कुत्र्या-मांजरांचा विषयही निघू लागला आहे. शहरालगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत वसाहती वाढत असल्याने पंचायत सदस्यांपुढेही तो आज ना उद्या येणारच.

अशा वेळी व्यवस्थापक समितीला सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे सरसकट बंदी. बहुमताने ठराव होतो, फलकावर लागतो आणि प्रश्न मिटला असे मानले जाते. वस्तुतः तो तेथूनच चिघळतो. संस्थेचा ठराव देशाच्या कायद्याहून वरचढ असू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताच्या बळावरही पाळीव प्राण्यांना बंदी करता येत नाही. कुत्र्याचा आकार वा त्याचे भुंकणे हे बंदीचे कारण होत नाही आणि लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशी सरसकट बंदी बेकायदा ठरविली.

बंदीचा खरा भार त्या मुक्या जनावरावर पडतो. नोटिशीने भ्यालेले कुटुंब पाच-सहा वर्षे घरात वाढलेला कुत्रा एखाद्या रात्री गावाबाहेर सोडून येते. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. म्हणजे समितीचा ठराव पाळण्यासाठी सभासद कायदा मोडून बसतो!

अर्थात शेजाऱ्यांची गाऱ्हाणीही खोटी नसतात. जिन्यात मोकळा सुटलेला कुत्रा पाहून शाळेतले मूल थिजते, वयोवृद्धांचा तोल जातो, आवारातील घाण उचलण्याचे काम सफाई कामगाराच्या माथी येते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी क्वचितच वाचतो. म्हणून लसीची बाब मालकाच्या मर्जीवर सोडण्याजोगी नव्हे. प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणारा मालक भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली शिक्षेस पात्र ठरतो.

तेव्हा नियम प्राण्याच्या असण्याविषयी नव्हे, तर मालकाच्या वागण्याविषयी करावेत. प्राण्याची नोंद व दरवर्षीच्या लसीच्या दाखल्याची प्रत संस्थेच्या दप्तरी असावी. सामाईक जागेत कुत्रा साखळीवाचून नेऊ नये. घाण मालकाने तत्काळ उचलावी. बागेसाठी सोयीच्या वेळा ठरवाव्यात. मुलांच्या खेळण्याची वेळ टाळली तर निम्मी भांडणे उद्भवतच नाहीत. हे नियम उपविधीत घालावयाचे तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे सभेत दोन-तृतीयांश बहुमत लागते आणि निबंधकांकडे नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती अमलात येत नाही. अनेक समित्या ही दुसरी पायरी विसरतात. मसुदा करताना प्राणी पाळणाऱ्यांपैकी एक-दोघांना आणि कुत्र्यांना भिणाऱ्यांपैकीही एक-दोघांना बोलावून घेणे इष्ट.

आवारात वावरणाऱ्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या कुत्र्यांचा प्रश्न निराळा आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अनुसार त्यांना खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरविण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवर आहे. ही जागा मुलांच्या क्रीडांगणापासून, जिन्यापासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी. त्याबाबत वाद झाल्यास मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस व स्थानिक संस्था यांचे प्रतिनिधी असलेली समिती तक्रारदाराला सोबत घेऊन जागा निश्चित करते.